तुम्ही फक्त बसा, काका

दाराशी आला की तो आधी चपला काढायचा, भिंतीला लावून सरळ ठेवायचा, मग वाकून पाया पडायचा. आणि म्हणायचा, "तुम्ही फक्त बसा, काका. आम्ही आहो ना."

मला पहिल्या दिवसापासून त्याचा संशय होता. माझा स्वतःचा पोरगा पुण्याहून आला तर पाया पडत नाही, आणि हा लोकाचा पडतो. काऊन? तुमच्या गल्लीतही असा एक असेल. नीट बघा त्याच्याकडं. मी बघत होतो, तरी फसलो.

त्याचा बाप आणि मी एकाच जिनिंगमध्ये होतो. बाप मशिनीत कापूस टाकायचा, मी गाठी बांधायचो. आमच्या पाळीत निम्मे हिंदू, निम्मे मुसलमान. फार प्रेम होतं असं नाही. भांडायचो, शिव्या द्यायचो. पण भांडायला तरी रोज भेटायचो. जिनिंग बंद पडली आणि तेही गेलं. आता ते त्यांच्या मोहल्ल्यात, आम्ही आमच्या गल्लीत.

हा पोरगा शिकलेला. मास्तरकीचा कोर्स केला, बिनअनुदानाच्या शाळेत लागला. उद्या अनुदान येईल, परवा येईल, असं करत बिनपगारी शिकवत राहिला. दोन-तीन ठिकाणी पोरगी पाहिली. पोरीचा बाप विचारायचा, "नोकरी पक्की हाय का?" की हा चहा अर्धा सोडून उठायचा. पारावर बसलेले लोक त्याला मुद्दाम हाक मारायचे, "काय मास्तर, झाला का पगार?" हासणाऱ्यांत मीही होतो. खोटं कशाला सांगू.

मग तालुक्याहून काही लोक आले. त्यांनी त्याच्या गळ्यात भगवं उपरणं घातलं, कार्यक्रमात पहिल्या खुर्चीवर बसवलं आणि माईकवरून 'दादा' म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून पारावर कोणी पगार विचारला नाही. त्याची मान ताठ झालेली मी पाहिली. धर्मातलं त्याला किती कळत होतं ते मला माहीत नाही, मी चौथी शिकलेला माणूस. पण त्या खुर्चीचं मला कळत होतं.

माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा माझा पुण्याचा पोरगा रोज फोनवर म्हणायचा, "येऊन राह्यलो, बाबा." आला नाही. आला हा. रक्ताची पिशवी यानं आणली, डॉक्टरच्या दाराशी हा उभा राहिला, डब्यात खिचडी यानं आणली. मी एकदा सरळच विचारलं, "तुले माह्याकडून पाहिजे काय बे?"

"काही नाही, काका. आपलीच माणसं ना."

"आपली म्हंजे कोण?"

तो हसला. "खिचडी थंडी होऊन राह्यली. तुम्ही फक्त बसा."

ती गेली. मी जिवंत असताना गेली, म्हणजे अहेव गेली. आमच्यात अशा बाईला नवरीसारखं नटवून नेतात. हिरवी साडी, कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. तिच्या हातातल्या बांगड्या दवाखान्यात सलाईन लावताना काढल्या होत्या.

सकाळी खाला आली. बांगड्या भरणारी मुसलमान बाई, सगळं गाव तिला खालाच म्हणतं. चाळीस वर्षं माझ्या बायकोचे हात तिनंच भरले. बायको तिच्यापुढं हात टाकून डोळे मिटायची, आणि बांगडी कधी चढली ते तिला कळायचं नाही. त्या दिवशी खालाच्या हातात पिशवी होती आणि तेलाची बाटली.

"भाऊ, भाबीचे हात भराचे हायत."

तो दारात उभा राहिला. आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नसे. "खाला, आज राहू द्या. आम्ही बांगड्या आणल्या दुकानातून."

तिनं त्याच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. "भाऊ?"

मी उठायला गेलो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही फक्त बसा, काका."

आणि मी बसलो. कोणी दाबून धरलं नव्हतं. बसलो.

खाला गेली. घरात बाया बांगड्या भरायला बसल्या. हात सुजलेला, ताठ झालेला. पहिली बांगडी फुटली. दुसरी फुटली. मला बाहेर आवाज येत होता. शेवटी त्यांनी उरलेल्या बांगड्या तिच्या बाजूला ठेवून दिल्या. उचलताना एक म्हातारी हळूच बोलली, "अहेव बाई, अन् हात मोकळे."

तेराव्यानंतर मी त्याला धरलं. "ते तुले काऊन करा वाटलं? एका बांगडीनं तुहा धर्म बुडत होता?"

त्यानं सरळ असलेल्या चपला वाकून पुन्हा सरळ केल्या. मग म्हणाला, "काका, आपले समदे लोक पाहत होते. मी तिले येऊ देलं असतं तर उद्या मले दादा कोण म्हणलं असतं?"

मला त्याची कानफाट फोडावी वाटली. पण हात उचलला नाही. कारण पारावर हासणाऱ्यांत मी होतो.

पुढं वर्षाच्या आत त्याला लांब कुठल्या कारखान्यात काम लागलं. सांगायला आला तो धावतच. त्या दिवशी चपला एक इकडं, एक तिकडं. पाया पडायचंही विसरला.

"पर्मनंट, काका! पीएफ कापतात!"

"अन् ते तुहं समदं?"

"पाहतील ना दुसरे," तो म्हणाला, आणि लोणारच्या बसची वेळ झाली म्हणून पळाला. धर्माचा एक शब्द बोलला नाही. पुन्हा आलाही नाही. लग्न झालं म्हणतात.

पितृपक्षातली नवमी अहेव गेलेल्या बाईची. त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालून बांगड्या द्यायच्या असतात. बांगड्या आणायला मी खालाच्या घरी गेलो. दीड वर्षात त्या मोहल्ल्यात पाय ठेवला नव्हता. दारातूनच म्हणालो, "खाला, त्या दिवशी मी चुकलो."

तिनं दार पुरतं उघडलं. मग म्हणाली, "तुमच्या दारातून परत आली, तं इकडं बी आमच्यातला एक पोरगा बसूनच होता. म्हणे, त्यांच्या मयतीत तू गेलीच काऊन? गोड बोलते तो बी. माह्या सुनेले त्यानं बांगड्यांची फेरी बंद कराले लावली."

"त्याले कामधंदा हाय का काही?"

"कामधंदा असता तं माह्या दारात कायले बसला असता?"

ती आत गेली, फडक्यात गुंडाळलेलं एक पुडकं घेऊन आली. हिरव्या बांगड्या. मी एक हातात धरली. मला मोठी वाटली.

"ह्या भाबीच्या मापाच्या नाहीत," मी म्हणालो.

"भाबीचा हात दोन-चारचा. मले नका सांगू. पण सलाईनचा हात सुजतेच. म्हणून त्या दिवशी दोन-आठच्या आणल्या होत्या, भाऊ. बराबर गेल्या असत्या."

दाराच्या चौकटीला धरून मी उभा होतो. खालानं पाट सरकवला. "बसा ना, भाऊ."

मी बसलो नाही.