पट्टीवरचा बाण

बस डेपोत त्याला सगळे टेस्टर म्हणत. खिशाला कायम टेस्टर आणि तोंडी एकच वाक्य, "माणसाचं ऐकू नये, तारेचं ऐकावं." बसचे दिवे, हॉर्न, वायपर यांच्या वायरिंगमध्ये त्याचं आयुष्य गेलं. काम चोख. बस भंगारात गेली तरी त्याने बांधलेली वायर सुटत नसे. पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. दुसऱ्याची चूक निघाली की सगळ्या शेडला ऐकू जायची. त्याची स्वतःची कधी निघाली होती, ते कुणाला आठवत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले, आणि त्याचे रिकामे हात म्हणजे घराला ताप. मिक्सर उघडून झाला, पंखे झाले. दाराच्या बेलकडे मोर्चा वळला तेव्हा सूनबाई म्हणाली, "बाबा, बेलला जगू द्या. माझंच एक काम आहे."

तिला ड्रोन उडवायचा नाद होता. सुट्टीच्या संध्याकाळी ती गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात जाई. उजेड कमी झाला की ड्रोनचं तोंड कुठे नि शेपूट कुठे ते कळत नसे. मागच्याच खेपेला तिने पुढे न्यायचा तो मागे नेला आणि कुंपणात घातला. म्हणून तिला ड्रोनच्या चारही हातांखाली दिव्यांच्या पट्ट्या हव्या होत्या. पुढे हिरव्या, मागे लाल. पट्ट्याही साध्या नव्हेत. त्यांच्यातल्या प्रत्येक दिव्याला वेगळा हुकूम देता येतो. तू हिरवा हो, तू लाल हो, तू गप्प बस.

"म्हणजे यांना माझ्यासारखा मुकादम हवा," टेस्टर म्हणाला आणि चष्मा पुसून कामाला बसला.

वायरी तीन. दोन विजेच्या, तिसरी हुकमाची. सूनबाईने पट्टी उजेडात धरली. "यावर बारीक बाण आहेत बघा. दुकानातल्या बाई म्हणाल्या, हुकूम बाणाच्या दिशेनेच जातो."

"बाण शोभेचे. वीज कुठल्या टोकाने आली ते दिव्याला कळतं होय? बसच्या दिव्यांना तर कधी कळलं नाही."

त्याने पट्टीचे खुणेवर तुकडे केले. ड्रोनच्या पोटाजवळ जे टोक येईल त्याला वायर जोडली, कारण वायर जितकी आखूड तितकं काम चांगलं आणि वजन कमी. सोल्डरचा थेंब न थेंब चकचकीत आणि गोल. वर पारदर्शक नळी चढवून गरम केली. असं काम करायला पाठ मोडून बसावं लागतं, आणि तो बसला. मग सूनबाईने बॅटरी लावली.

अंधार.

त्याने मीटर लावला. वीज पट्टीपर्यंत नीट पोचत होती. वीज पोचते आणि दिवा लागत नाही, म्हणजे दिवा गेला. जन्मभर यापेक्षा मोठा पुरावा त्याला लागला नव्हता. त्याने पट्ट्या उपटल्या, पिशवीत कोंबल्या आणि सूनबाईला घेऊन दुकान गाठलं.

दुकान सुट्या भागांचं. काउंटरवर एक बाई असत, अबोल, केस घट्ट बांधलेले. समोर तपासणीची डबी. पट्टी त्या डबीला लावून दाखवल्याशिवाय त्या गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत.

"मेलेला माल विकता?" टेस्टरने पिशवी काउंटरवर उलटी केली.

"यांना लावून दाखवली होती, काका," बाई सूनबाईकडे बघत म्हणाल्या.

"मग वाटेत हार्ट अटॅक आला का तिला?"

मागची गिऱ्हाइकं हसली. हसू ऐकून त्याला आणखी चेव आला.

"हुकमाची वायर उलट्या टोकाला तर नाही ना जोडली?" बाईंनी तुकड्याकडे हात पुढे केला. "द्या, लावून बघते."

"वायरी जोडता जोडता माझे केस पांढरे झाले, आणि ही मला उलटं-सुलटं शिकवणार! तपासायचं नाटक करायचं, खोटं बोलायचं आणि कचरा खपवायचा. धंदाच आहे तुमचा."

मालक आतून धावत आले. दुकानात तमाशा त्यांना परवडणारा नव्हता. त्यांनी तुकडे गोळा करून सरळ टोपलीत टाकले आणि नवी पट्टी पुढे केली. मग बाईंकडे वळून म्हणाले, "तुझ्या तपासणीचे दिवे दिसले. उद्यापासून मागे पॅकिंगला बस."

बाईंनी डबीची वायर गुंडाळली. नीट, गाठ न पडू देता. टेस्टरला ते दिसलं होतं, पण तेव्हा तो जिंकत होता.

घरी सूनबाई म्हणाली, "तुम्ही सोल्डरचं बघा, पट्ट्या मी चिकटवून देते." या वेळी बॅटरी लावताच चारही हात उजळले. पुढे हिरवे, मागे लाल.

"बघ! पहिली पट्टी मेलेलीच होती."

"हं," सूनबाई म्हणाली आणि चार्जर शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी टेबल झाडताना भिंतीच्या कडेला जुन्या पट्टीचा, कापताना उरलेला एक तुकडा सापडला. न तपासता वस्तू फेकायची नाही, ही त्याची सवय. त्याने ड्रोन चालू करून पुढच्या हाताच्या सोल्डरवरून तीन वायरी घेतल्या आणि तुकड्याच्या टोकाला टेकवल्या. काही नाही. टाकता टाकता त्याने तुकडा फिरवला आणि दुसऱ्या टोकाला टेकवल्या.

तुकडा लख्ख हिरवा झाला.

त्याने वायरी काढल्या, परत लावल्या. परत हिरवा. बाण वायरीपासून पुढे निघाला होता, मुंगीएवढा, पण स्वच्छ. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्याचे कान तापले. बाई खरं बोलल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला होता. चार लोकांत त्यांना खोटं ठरवून तो मान ताठ करून घरी आला होता.

तो दुकानात गेला. तपासणीची डबी आता मालकांपुढे होती. "या काका! आता तक्रारीला जागा नाही, मी स्वतः बघतो." मागच्या दारातून बाई खोक्यांना चिकटपट्टी लावताना दिसत होत्या. त्यांनी वर पाहिलं. नजर त्यांनी नाही, त्याने खाली घातली. "सोल्डर द्या एक," तो म्हणाला.

"सोल्डर? घरात आहे की," तो घरी आल्यावर सूनबाई म्हणाली.

त्याने खिशातून तुकडा काढून तिच्यापुढे ठेवला. "हा लागतो. पट्टी मीच उलटी जोडली होती."

ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. म्हणून दुसऱ्या वेळी बाण बघून मीच चिकटवल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते, बाबा. तुम्ही म्हणालात, बाण शोभेचे. आणि दुकानात त्या बाईंना जे बोललात ते ऐकून माझी परत काय टाप? लेकी बोले सुने लागे." तिने तुकडा बोटांत फिरवला. "पण तिथे मी तोंड उघडायला हवं होतं. मलाही लाज वाटते."

टेस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातली माणसं त्याच्या नकळत त्याचं काम सुलटं करत होती. डेपोत किती जणांनी केलं असेल?

चहा न घेताच तो परत निघाला. दुकानात गिऱ्हाईक होतं. नसतं तर बरं, असं त्याला क्षणभर वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली. त्या दिवशी जेवढा आवाज चढवला होता, तेवढाच चढवून तो म्हणाला, "मालक, पट्टी चांगली होती. मी उलटी जोडली. या बाईंनी विचारलं होतं, आणि मी त्यांना खोटारडं म्हणालो. चूक माझी."

"जाऊ द्या हो काका, होतं असं."

बाई बाहेर आल्या. त्यांनी त्याच्या हातून तुकडा घेतला, मालकांपुढची डबी ओढली, आणि लावला. मालकांनी बघेपर्यंत तो पेटता धरून ठेवला.

"आता तपासणीला कोण बसणार?" त्यांनी मालकांना विचारलं.

"बघू."

"'बघू' नको. आत्ता सांगा. हे काका आहेत तोवर."

मालकांनी टेस्टरकडे पाहिलं. टेस्टर हलला नाही. गिऱ्हाईकही हललं नाही.

"बस बाई, बस," मालक खुर्ची सोडत म्हणाले.

बाई बसल्या. तुकडा त्याला परत दिला. हसल्या मात्र नाहीत. "काका, पुढच्या वेळी आधी विचारा."

"हो," टेस्टर म्हणाला. पुढे 'पण' आला होता ओठांवर. तो त्याने गिळला.