सुईवरची कार्डं

यशोदाताई कोळेकरांना मी पहिल्यांदा पाहिलं, त्याच्या कितीतरी महिने आधीपासून त्या मला ओळखत होत्या. तुमचे आजोबा तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते आणि यशोदाताई तिथल्या टेलिफोन ऑपरेटर. दुपारी मी फोन लावून नुसतं ‘हॅलो’ म्हणायची, की पलीकडून उत्तर यायचं, “वहिनी, साहेब मशीन शॉपमध्ये गेलेत. आणि तुमचा घसा बसलाय. आल्याचा चहा करून घ्या, तोवर मी त्यांना शोधते.”

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची. तिथं मी कुणाला तरी चपला कुठं काढायच्या ते विचारलं, तर खुर्चीवर बसलेली एक ठेंगणी बाई वळून म्हणाली, “या वहिनी, माझ्या शेजारी काढा. इथून कुणी नेत नाही.” कडक इस्त्रीची सुती साडी, अंबाड्यात अबोली, हातात पांढरी काठी. त्या टेलिफोनच्या बोर्डावर शुद्ध बोलत आणि बोर्ड सोडला की आपल्या गावचं. लासूर स्टेशनजवळ त्यांचे वडील मेंढरं राखायचे. लहानपणी देवी आल्या आणि यशोदाताईंची दृष्टी गेली. पुढे त्या अंधशाळेत शिकल्या, पदवीधर झाल्या. त्यांच्या आवाज ओळखण्याचं मी कौतुक केलं, तेव्हा म्हणाल्या, “त्यात काय वहिनी? मी ओरडण्यावरनं मेंढरू ओळखायची. माणसं तर बोलत्यात बी.”

त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, “दुपारी काय करता?”

“थोडं वाचते, थोडी झोपते.”

“वाचा. झोपू नका. आमच्या वसतिगृहाला पत्रं लिहिणारं माणूस पाहिजे.”

ही विनंती नव्हती, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

खेड्यातून शिकायला आलेल्या मुलींचं ते वसतिगृह औरंगपुऱ्यात एका भाड्याच्या घरात होतं. देणग्यांवर चालायचं आणि देणग्या मिळवण्याचं काम संस्थेनं यशोदाताईंकडे दिलेलं होतं. मी आले आणि शिस्तीत कामाला लागले. सुबक छापील कागद, वर संस्थेचं नाव, खाली शिक्का, मध्ये टंकलिखित आभार. असं एक पत्र मी चितेगावच्या एका कामगाराला पाठवलं. त्यानं कारखान्याच्या गेटवर ठेवलेल्या डब्यात पाच रुपये टाकून आपलं नाव सांगितलं होतं.

आठवड्यानं तो माणूस बायकोला घेऊन वसतिगृहाच्या दारात उभा. हातात ते पत्र, घडी करून करून मऊ झालेलं. घरात कुणाला वाचता येत नव्हतं. शिक्का पाहून त्याला वाटलं, कोर्टाची नोटीस आली. त्यानं एक दिवसाचा खाडा केला होता, आणि दंड म्हणून द्यायला एक कोंबडी बरोबर आणली होती.

“बाई, आमचं काय चुकलं?” तो विचारत होता. मी त्याला समजावू लागले, पण माझ्या पुस्तकी मराठीनं तो आणखीच घाबरला. तेवढ्यात यशोदाताई आतून आल्या.

“कोंबडी आणली व्हय? अरे दादा, तुझे उपकार झाले म्हणून लिवलंय त्यात. या वहिनींची भाषा लई जालीम हाय, वाचणारा बी घाबरतो.”

तो हसला, त्याची बायको हसली, मग मीही हसले. कोंबडी परत गेली. पण यशोदाताईंच्या मनातून ते गेलं नव्हतं. संध्याकाळी म्हणाल्या, “वहिनी, त्या माणसाला आपण कागद पाठवला, कारण कागद पाठवणं आपल्याला सोपं हाय. त्याला काय सोपं, ते कुणी विचारलं?”

घरी हा प्रसंग सांगितल्यावर तुमच्या आजोबांनी एक युक्ती सुचवली. काही कारखान्यांत यंत्रांची चित्रं शोधायला म्हणे कडेला भोकं पाडलेली कार्डं वापरायचे. प्रत्येक भोक म्हणजे एक प्रश्न. उत्तर ‘हो’ असेल, तर त्या भोकापासून कडेपर्यंत खाच पाडायची. मग सगळी कार्डं जुळवून एका भोकातून लांब सुई घालायची आणि उचलायची. खाच असलेली कार्डं खाली पडतात, बाकीची सुईवर टांगलेली राहतात. मुलांनो, तुम्ही आज जे यंत्राला विचारता, तेच आम्ही सुईला विचारत होतो.

“सुईनं?” यशोदाताई खुर्चीत पुढे सरकल्या. “म्हंजी ते डोळ्याचं काम नाय. हाताचं हाय. आणा!”

कारखान्यात रद्दीत निघालेल्या जाड पुठ्ठ्याची कार्डं कापून घेतली. नाव मी शाईनं लिहायची, त्याखाली त्या ब्रेलचे ठिपके टोचायच्या. एका निवृत्त एस.टी. कंडक्टरनं तिकिटं पंच करायचा आपला जुना चिमटा दिला होता, त्यानं खाचा पाडायच्या. भोकांचे प्रश्न त्यांनीच ठरवले. घरात वाचणारं कुणी आहे का? शेजारी फोन आहे का? कारखान्यात रात्रपाळी असते का? हाताचं काम येतं का, गवंडीकाम, सुतारकाम, गाडी हाकणं? घरात मुलगी शाळेत जाते का? मोठी देणगी दिली का, हा प्रश्न त्यांनी शेवटून दुसऱ्या भोकाला ठेवला. सगळ्यात शेवटचं भोक रिकामं होतं, त्याला प्रश्नच दिलेला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी त्या कार्डांची पेटी मांडीवर घेऊन बसत. सुई घालत, उचलत, हलकेच झटकत. टपटप कार्डं पडत. ज्यांच्या घरी वाचणारं कुणी नव्हतं, त्यांची कार्डं सुईवर राहत; त्यांना मग पत्र जात नसे. शेजारच्या फोनवर निरोप जाई, नाहीतर त्या पाळी सुटताना स्वतः गेटवर जाऊन उभ्या राहत. आणि त्यांचा एक नियम होता: वर्षातून एकदा प्रत्येकाला काही न मागता विचारायचं, कसे आहात. मी म्हटलं, यात किती वेळ जातो! त्या म्हणाल्या, “मागायलाच ज्याचा आवाज येतो, त्याला माणूस दारातनंच वळखतो, अन् आतनं कडी लावतो.”

मग नामांतराचे दिवस आले. विद्यापीठाला घटनाकारांचं नाव द्यायचं ठरलं आणि त्याला विरोध पेटला. तुम्ही याबद्दल पुढे वाचालच. मी एवढंच सांगते, की मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, आणि ते नाव मिळावं म्हणून पुढे वर्षानुवर्षं माणसं लढत राहिली. त्या दिवसांत जळलेल्या वस्त्यांतल्या काही मुली आमच्या वसतिगृहात आल्या. स्वयंपाकघर आधीपासून एकच होतं आणि पंगतही एकच. ती तशीच राहिली.

देणग्या आटू लागल्या. ज्या शेठजींच्या भरवशावर निम्मं वर्ष निघायचं, त्यांनी निरोप धाडला, की नव्या मुलींची ताटं वेगळी ठेवा, मग बोलू. त्यात घरमालकानं जागा सोडायला सांगितलं. कारखाने वाढत होते, शहरात जागेला भाव आला होता, त्याला घर पाडून दुकानं काढायची होती. परीक्षा संपेपर्यंत त्यानं मुदत दिली. पैठण रस्त्याला एक लहान भूखंड कसाबसा मिळत होता, पण त्यावर बांधायला पैसे नव्हते. तोवर जागा उभी राहिली नाही, तर मुली परत जाणार होत्या. कुणी लग्नाला उभी राहणार होती, आणि कुणाला परत जायला घरच उरलं नव्हतं.

बैठकीत आमचे चिटणीस वकीलसाहेब बोलले. माणूस वाईट नव्हता. वसतिगृह जगावं म्हणून त्यांची झोप उडाली होती. ते म्हणाले, “यशोदाबाई, तुमच्या कार्डांचा उपयोग आता करू या. शेवटचं भोक रिकामं आहे. नामांतराच्या बाजूचा कोण, विरोधातला कोण, तिथं खाच पाडून टाका. आडनावावरून निम्मं कळतंच. मग दोन पत्रं करू. एकात एका पंगतीचं लिहू, दुसऱ्यात पंगतीचा विषयच काढायचा नाही. खोटं एक अक्षर नाही लिहायचं. दोघंही देतील.”

मला ते पटलं होतं, हे सांगायला हरकत नाही. सगळ्यांनाच पटलं होतं.

यशोदाताईंनी पेटी जवळ ओढून घेतली. “नाय,” त्या म्हणाल्या.

“अहो, पण कारण?”

“वकीलसाहेब, गावात घरं हुडकायला त्या लोकांना मशाली घेऊन गल्लीगल्लीत फिरावं लागलं. ही पेटी उद्या कुणाच्या हाती पडली, तर फिरायची बी तसदी नाय. सुई घातली, उचलली, की घरं वेगळी. आपण त्येंच्या हातात सुई द्यायची व्हय?”

यशोदाताईंनी पेटीचं झाकण लावलं.

“अन् दुसरं. विरोधातल्या माणसांना बी मी फोन करते. सुनंचं बाळंतपण नीट झालं का, विचारते. एका घरी बोलताना मी एक यशोदा अन् दुसऱ्या घरी दुसरी, असं मला नाय जमायचं. मागणं एकच जाईल. समद्यांना. पंगतीसकट.”

“आणि नाही आले पैसे तर?” वकीलसाहेब चिडले. “मुलींना काय सांगणार? यशोदाबाईंचा हट्ट होता म्हणून घरी जा?”

“सांगीन. माझ्या तोंडानं सांगीन,” त्या म्हणाल्या. पेटीवरचा हात त्यांनी काढला नाही. “पण अजून मागून कुठं झालंय? आधी मागू तर द्या.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुमच्या आजोबांचा टेपरेकॉर्डर मागवला आणि थेट वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ठेवला. मुली भाकरी थापत होत्या. प्रत्येकीनं आपलं नाव, गाव आणि पुढं काय शिकायचं ते सांगितलं. आडनाव कुणीच सांगितलं नाही. तसं ताईंनी बजावलं होतं. शेवटी त्यांचा आवाज: “ह्या समद्या पोरी एका पंगतीला जेवत्यात. पसंत असंल तर मदत करा. पसंत नसंल, तर एक रविवार जेवायला या अन् मग ठरवा. पैका नसंल, तर हात द्या. भिंती उभ्या करायच्यात.”

त्या कॅसेटच्या नकला निघाल्या. पाळी सुटताना गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर ती वाजायची. लासूरच्या बाजारात त्यांच्या भावानं वाजवली, पैठणच्या एस.टी. स्टँडवर त्या कंडक्टरनं. काही ठिकाणी लोकांनी ती बंद करायला लावली. टपरीवर एकानं ताईंना ऐकवलं, “आंधळीला काय दिसतंय कोण कुणाच्या शेजारी बसलंय ते!” त्या म्हणाल्या, “नाय दिसत, दादा. मला तुझं बी तोंड दिसत नाय, म्हणून तर तुला बी जेवायला बोलावते.” आजूबाजूचे हसले. तो चहा टाकून निघून गेला आणि आला नाही. सगळेच येतात असं नाही.

शेठजी गेले ते गेलेच. दोन जुन्या दात्यांनी कळवलं, की आमचं नाव काढून टाका. यशोदाताईंनी ती कार्डं पेटीतून काढली नाहीत. “वर्षानं कसे हाय विचारीन,” म्हणाल्या. आणि मग एका सुट्टीत त्यांनी सुई हाताच्या कामाच्या भोकात घातली. गवंडी पडले, सुतार पडले, बैलगाडीवाले पडले. ज्यांना कागद पाठवून आम्ही घाबरवलं असतं, अशांचीच ती ओंजळ होती. प्रत्येकाला निरोप गेला.

पैठण रस्त्यावरच्या त्या भूखंडावर रविवारमागून रविवार काम चाललं. चितेगावचा तो कोंबडीवाला गवंडी निघाला. आडनाव न विचारता माणसं रांगेत उभी राहून हातोहात विटा देत होती. एका रविवारी वकीलसाहेबही कोट काढून रांगेत उभे राहिले. ताई रांगेच्या टोकाला विटा घेत होत्या. जरा खंड पडला, तशा त्या ओरडल्या, “वकीलसाहेब, वीट हाय का नोटीस? लवकर बजावा!” साहेब इतके हसले, की हातातली वीट पडली.

शेवटचा पेपर झाला, तेव्हा छपराचे पत्रे अर्धेच बसले होते. मुली तशाच राहायला आल्या. उन्हाची तिरीप आत यायची, पण पंगत बसली. ज्या दोन खोल्या व्हायच्या होत्या, त्या झाल्याच नाहीत, पैसे पुरले नाहीत. स्वयंपाकघर मात्र सगळ्यात आधी बांधलं होतं.

यशोदाताईंनी त्यानंतर पुष्कळ वर्षं काम केलं. विद्यापीठाचं नाव बदललं, त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी पेटी मांडीवर घेतली आणि वर्षाचे ‘कसे आहात’चे फोन पुरे केले. दोन्ही बाजूंच्या घरी. मी विचारलं, आनंद नाही झाला? “झाला की. म्हणून तर आज आवाज बरा लागतोय,” म्हणाल्या.

त्या गेल्या, तेव्हा शोकसभा त्याच स्वयंपाकघरात झाली. दुसरीकडे एवढी माणसं मावली नसती. मी ती पेटी आणि सुई टेबलावर ठेवली होती. आता संस्थेचं काम संगणकावर चालतं, कार्डांची कुणाला गरज नाही. बोलायला खूप जण उठले. वकीलसाहेब शेवटी उठले. खूप थकले होते. मला वाटलं, भाषण करतील. त्यांनी पेटीतली सगळी कार्डं बाहेर काढली, टेबलावर ठोकून नीट जुळवली. बोटांनी कडा चाचपत शेवटचं भोक शोधलं, त्यातून सुई घातली आणि सावकाश उचलली.

कार्डं जड होती. त्यांनी दुसरा हात लावला. मग सगळ्यांसमोर सुई हलकेच झटकली, जशा ताई झटकायच्या.

एकही कार्ड खाली पडलं नाही.