गडग्यापलीकडचे फुटवे

शेजारच्या शालूवहिनी गेल्याची हाक मधल्या दगडी गडग्यापलीकडून आली, तेव्हा मी नीरफणसाचे काप तळत होते. गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि निघताना मनात पहिला विचार काय आला? आता तरी लोक अंगणातला हा फणस माझा म्हणतील... महिना होत आला, त्या विचाराची लाज जात नाही.

झाड माझंच. लग्नानंतर भाट्याहून, माहेरच्या परसातून मीच आणलेलं. पण या फणसाला बी नसतं. मुळाला जखम झाली की तिथून फुटवा येतो. माझं अंगण चोपून सारवलेलं. मुळं गेली गडग्याखालून वहिनींच्या परसात, आणि तिथे त्यांची कुदळ सतत अळवात नाहीतर हळदीत. फुटवे तिकडेच येणार! वहिनी ते मुळाच्या तुकड्यासकट काढायच्या, पानं निम्मी कापायच्या आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावून मोरीमागच्या सावलीत ठेवायच्या. मी दोनदा मागून आणले, उन्हात ठेवले, दोन्ही सुकले. त्यांचे मात्र जगायचे. पार मिरकरवाड्याहून माणसं येत आणि ‘शालूवहिनींचा फणस’ म्हणून डबे घेऊन जात. माझ्या पोटात दुखायचं. अगदी सरळ सांगते, दुखायचं.

एका दिवाळीनंतर मी गडी लावून गडग्यालगत चांगला खोल चर मारला. तिकडे जाणारी सगळी मुळं तोडली. वहिनी ओट्यावरून बघत होत्या. पुढच्या पावसाळ्यात तुटलेल्या प्रत्येक मुळाला फुटवे आले... त्यांच्याच परसात!

“सुमन, बरं केलंस गो चर मारलास तो,” त्या गडग्यावरून म्हणाल्या. “माझ्याच्याने एवढं खणून झालं नसतं.”

चेहरा इतका सरळ, की तो टोमणा होता की आभार, मला आजतागायत कळलेलं नाही. तेव्हाच माफी मागायला हवी होती. नाही मागितली.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या मुलीने घराला कुलूप लावलं आणि उरलेले डबे माझ्याकडे आणून ठेवले. “काकू, तिथे यांना पाणी कोण घालणार?” मी ते सावलीत ठेवले. सगळे जगलेत.

काल एक गृहस्थ दारात आले. “शालूवहिनींच्या फणसाचे फुटवे इथेच मिळतात ना?”

‘झाड माझं आहे’ हे इतकी वर्षं घोकलेलं उत्तर तोंडात तयार होतं, आणि ते खोडायला पलीकडे कोणी नव्हतं.

“हो,” मी म्हटलं, “त्यांचेच.”

डबा त्यांच्या हातात देताना डोळे भरून आले. पोटात दुखायचं मात्र थांबलं नव्हतं.