लेबलावरचे एकोणीस सेकंद

नसीर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिकलठाण्याला एका स्प्रिंग बनवणाऱ्याशी भावावरून भांडत होतो. खुलताबादच्या कॉलेजातला शिपाई बोलत होता, "शेठ, अपने सर गये... सकाळी उठलेच नाहीत." मी फोन खिशात घातला आणि उठलो. समोरच्याला वाटलं, उठून जायचं हे माझं नेहमीचं नाटक आहे. त्यानं मागून हाक मारून भाव उतरवला. मी गाडीत जाऊन बसलो. या गोष्टीला दीड महिना झाला. तेव्हापासून अंगात जो थकवा शिरलाय तो निघत नाही.

सर भौतिकशास्त्र शिकवायचे. मी कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवतो. दहावीनंतर कन्नडहून आलो, अशाच एका दुकानात खोकी बांधली, मग स्वतःचं दुकान टाकलं. मला कुणी हात दिला नाही, त्यामुळे कुणी बोट दाखवलं की माझं डोकं फिरतं. सरांनी बोट दाखवलं ते अकरा वर्षांपूर्वी, चाळीस शिक्षकांसमोर. शहरात त्यांची कार्यशाळा होती, विषय सरल आवर्त गती. म्हणजे स्प्रिंगला वजन टांगायचं, थोडं खाली ओढून सोडायचं आणि ते वर-खाली होताना वेळ मोजायचा; एकदा वर-खाली म्हणजे एक आंदोलन. स्प्रिंगा माझ्या. प्रत्येक खोक्यावर मी स्वतः मोजून लेबल लावलं होतं, या वजनाला वीस आंदोलनं, एकोणीस सेकंद. सरांनी मोजलं तर वीस सेकंद. पुन्हा मोजलं, पुन्हा वीस. त्यांनी खोकं उचलून धरलं आणि माइकवर म्हणाले, "लेबल खोटं आहे." मी दारातच उभा होतो. माझे वडील कन्नडच्या बाजारात मापाडी होते, आयुष्यभर लोकांचं धान्य मापून देत आले. मापाड्याच्या पोराला मापात खोटा म्हणायचं... त्यापेक्षा सरांनी शिवी दिली असती तर मी सोडून दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी खुलताबाद गाठलं आणि प्रयोगशाळेत शिरूनच ओरडलो, "तुम्ही जास्त ओढलं असणार. जास्त ओढलं की वेळ जास्त लागणारच!" सरांनी वजन दोन बोटं ओढून सोडलं. वीस सेकंद. मग चार बोटं ओढून सोडलं. तरी वीसच. "मग घड्याळ बाद हाय," मी म्हणालो. "घड्याळ आपल्याच दुकानाचं आहे, शेठ. आता तुम्ही मोजा." मी वजन सोडलं आणि सोडतानाच मोजायला लागलो, "लाभ, दोन, तीन..." वीस म्हणताना घड्याळ दाबलं. एकोणीस! मी ते त्यांच्या तोंडासमोर नाचवलं. सर हसले नाहीत. "हे लाभ काय?" त्यांनी विचारलं. आमच्याकडं धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. वडिलांचं ऐकून ऐकून मीही कुठलीही मोजणी तशीच सुरू करायचो. "माप ओतल्यावर म्हणतात का ओतायच्या आधी?" "ओतल्यावर." "आणि इथं?" वजन हातातून सुटलं तेव्हा एकही आंदोलन झालेलं नव्हतं आणि मी एक मोजून मोकळा झालो होतो. वीस म्हणालो तेव्हा एकोणीसच झाली होती. "सोडताना शून्य म्हणायचं," सर म्हणाले. सगळ्या खोक्यांवरची लेबलं मी अशीच लावली होती.

चूक कळली. पण ओढलं कितीही तरी वेळ तेवढाच कसा, हे काही डोक्यातून जाईना. सर शहरात आले की दुकानात बसायचे, चहा व्हायचा, आणि मी ग्राहक सोडून त्यांच्याशी वाद घालायचो. "जितकं लांब न्याल तितकी स्प्रिंग जोरात मागं ओढणार," ते सांगायचे. "अंतर वाढलं, तसा वेगही वाढला. म्हणून वेळ तेवढाच." मग मी म्हणालो की ओढ टोकाला जास्त, तर वेगही टोकालाच जास्त पाहिजे. "टोकाला तर वजन थांबतं, शेठ. वळायचं असतं ना त्याला! ओढ मधे संपते, आणि तिथंच वेग सगळ्यात जास्त." "ओढच संपली तर तिथं थांबत का नाय?" सरांनी बशी खाली ठेवली. "तुमचं डोकं तापतं, मग कारण संपतं. कारण संपल्याबरोबर थांबता का तुम्ही?" दुकानातली माणसं हसली. मला राग आला आणि त्याच क्षणी ते कळलंही. इतकं सोपं मला आजवर कुणी काही सांगितलं नव्हतं.

तरी माझी तक्रार होतीच. मी चुकलो होतो, खोटा नव्हतो. हे त्या चाळीस जणांना सांगा, एवढंच माझं म्हणणं. "मी लेबलला खोटं म्हणालो, तुम्हाला नाही." "लेबल काय आपोआप चिकटलं का?" "जाऊ द्या ना, मियाँ. गुस्सा थूक दो." त्या वर्षी सहा कॉलेजांनी माझ्याकडून सामान घेणं बंद केलं. गुस्सा कसा थुंकायचा? अकरा वर्षं दर भेटीत मी हे काढलं आणि दर भेटीत त्यांनी टाळलं. शेवटचे आले तेव्हा दुकानाच्या चार पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती. मी तरी काढलंच. आता त्याची लाज वाटते. ते खुर्चीला धरून खाली बसले. मग म्हणाले, "पुढच्या कार्यशाळेत सांगतो. वादा." महिन्याभरात गेले.

शोकसभा त्यांच्याच प्रयोगशाळेत झाली, हॉलमध्ये परीक्षा चालू होती. टेबलांभोवती स्टुलांवर त्या कार्यशाळेतलेच शिक्षक होते, आता केस पिकलेले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. काय बोलायचं ते मी गाडीतच ठरवून आलो होतो. सर गेले, वादा राहिला, आता मीच सांगतो, मी खोटा नव्हतो! उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, "ते लेबल चुकीचं होतं. सरांचंच बरोबर होतं." पुढचं काही आलं नाही. समोरच्या एका सरांनी शेजारच्याला हळूच विचारलं, "कुठलं लेबल?" शेजारच्यानं मान हलवली. मी एकेका चेहऱ्याकडं बघितलं. कुणालाच आठवत नव्हतं... बहुतेक कधीच विसरले होते. सहा कॉलेजांनी सामान का बंद केलं, ते आता कुणाला विचारू?

म्हणजे अकरा वर्षं ते एक वाक्य दोनच माणसांनी सांभाळलं. एक मी, आणि एक दर वेळी ऐकून घेणारे सर.

बाकीचे चहाला बाहेर गेले. खिडकीजवळचं सरांचं स्टूल सगळ्यांनी न सांगता रिकामं ठेवलं होतं. पाय दुखत होते. मी जाऊन त्यावर बसलो. शिपायानं बघितलं आणि माझा चहा तिथंच आणून ठेवला.