कुरिअर खर्च नऊशे

बँकेत मी एकवीस वर्षं चेक क्लिअरिंगला होते. रोज ढिगानं सह्या नजरेखालून घालायच्या आणि प्रत्येक सही खोटी आहे असं धरूनच सुरुवात करायची. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा खुर्ची सुटली, खोड नाही सुटली. भाजीवाल्यानं परत दिलेली पन्नासची नोटही मी उजेडात धरून बघायचे. शांती नगरातले भाजीवाले मला बघितलं की आधीच कोऱ्या नोटा काढून ठेवायचे.

ह्यांचं अगदी उलटं. ह्यांची कंपनी बंद पडली, तेव्हा सामानात ऑफिसची एक स्टीलची पट्टी घरी आली. ती परत करायला हा माणूस कुलूप लागलेल्या गेटपर्यंत जाऊन आला! त्यानंतर वर्षभर नुसते गॅलरीत बसून असायचे. लग्नकार्यालासुद्धा यायचे नाहीत. "हल्ली काय करता विचारतील, मग काय सांगू?" म्हणायचे. त्यांच्या त्या बसण्याची मला फार भीती वाटायची.

मग कधीतरी ते जुने व्हॉल्व्हचे रेडिओ आणून दुरुस्त करायला लागले. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणाली, "बाबा, इंटरनेटवर लिलाव असतो, तिथे विका ना." खातं ह्यांच्या नावानं उघडलं. पहिला रेडिओ चेन्नईच्या कुणीतरी बाराशेला घेतला आणि ह्यांच्या नावापुढे एक हिरवी खूण उमटली, म्हणजे गिऱ्हाईक खूश. ती खूण ह्यांनी मला तीनदा दाखवली. पुढच्या रविवारी नात्यातल्या लग्नाला आले आणि कुणी विचारायच्या आत "रेडिओचं काम करतोय, देशभर जातात" असं सांगत सुटले. मी लांबून बघत होते. डोळे भरून आले माझे, खोटं कशाला सांगू.

पैशांचं खातं अर्थातच माझ्याकडे. साइटवाले म्हणायचे, गिऱ्हाइकाचे पैसे आम्ही ठेवून घेतो, माल पोचला की तुम्हाला देतो, त्याचे थोडे टक्के द्या. वा रे वा! आमचे पैसे तुम्ही सांभाळणार, वर सांभाळायची मजुरी आमच्याकडूनच? चेक नको, चेक कसे परत जातात ते मी जन्मभर बघितलंय. म्हणून मी एकच वाट ठेवली, डिमांड ड्राफ्ट. तोही आला की आधी ट्यूबलाइटखाली बघायचा, मग बँकेत टाकायचा, पैसे जमा झाले की मगच पार्सल.

त्याहून डोकं फिरवलं ते फीनं. वस्तू मांडायचे पैसे वेगळे, विकली गेली की किमतीवर टक्के वेगळे.

"ही चक्क लूट आहे," मी म्हटलं.

"अगं, दुकान त्यांचं आहे," हे म्हणाले. "गाळ्याचं भाडं नाही का देत लोक?"

मी ते नियम तीनदा वाचले. तिसऱ्यांदा सापडलं. टक्के फक्त किमतीवर होते, कुरिअर खर्चावर नव्हते.

पुढचा रेडिओ उत्तनजवळच्या चौक गावातून आला होता. "वाजत न्हाय, घेऊन जावा," म्हणून एका कोळणीनं दिलेला. खाऱ्या हवेनं आतून गंजलेला. ह्यांनी तीन आठवडे खपून तो बोलता केला. मी मुलीला म्हटलं, "लिलाव नको, थेट किंमत लाव. रेडिओ शंभर रुपये, कुरिअर नऊशे."

"आई, हे बरोबर दिसत नाही गं."

"तू टाइप कर. आणि बाबांना सांगू नकोस."

इंदूरच्या एका निवृत्त मास्तरांनी तो घेतला. ड्राफ्टबरोबर हिंदीत पत्र होतं. वडील अंथरुणावर आहेत, त्यांना असाच रेडिओ हवाय, जरा लवकर पाठवाल का? मी म्हटलं, झालं, रडगाणं सुरू! असल्या पत्रांनाच भुलायचं नसतं. ड्राफ्टवरचा शिक्का मला पुसट वाटला. मी नऊ दिवस पार्सल अडवून ठेवलं. ड्राफ्ट खरा निघाला. मग मी स्वतः खोकं घेऊन कुरिअरवाल्याकडे गेले, एकशेसाठ रुपये दिले आणि पावती पर्समध्ये टाकली. त्याच पावतीची दुसरी प्रत त्यानं खोक्यावर चिकटवली, ती मात्र माझ्या चाणाक्ष डोळ्यांना दिसली नाही.

दोन आठवड्यांनी मास्तरांचं दुसरं पत्र आलं. ते ह्यांच्या नावावर होतं, ह्यांनीच फोडलं. "काचेचे व्हॉल्व्ह आहेत, नीट बांधायला खर्च येत असेल, असं मी समजलो. खोक्यावर एकशेसाठ लिहिलंय. रेडिओ सुरेख वाजतो. तुम्ही हजार मागितले असतेत तरी मी दिले असते. कुरिअरच्या नावानं का घेतलेत?"

साइटवर ह्यांच्या नावापुढे लाल खूण आली होती. खाली शेरा होता, फसवणारा विक्रेता. त्यावरून साइटला कळलं आणि फी चुकवली म्हणून त्यांनी खातंही बंद केलं. मुलीनं तो शेरा एकदा वाचला. हे म्हणाले, "पुन्हा वाच." तिनं पुन्हा वाचला. जग लबाड आहे असं मी घरात रोज सांगायचे, आणि लबाडी केली कुणी, तर मी!

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पोस्टात जाऊन मास्तरांना सातशेचाळीस रुपयांची मनीऑर्डर केली. "अहो, निदान रेडिओची तरी रीतसर किंमत धरा," मी म्हटलं. "शंभर ठरले होते," ते म्हणाले, "शंभरच घ्यायचे." मनीऑर्डरचं कमिशन सदतीस रुपये पडलं. त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

महिन्याभरानं पोचपावती आली. मी ती खिडकीपाशी नेली, मास्तरांचं पत्र शेजारी धरलं आणि सही ताडून बघायला लागले. सवयच ती, हात आपोआप गेले.

ह्यांनी पावती माझ्या हातातून काढून घेतली.

"त्यांची सही खरीच असणार गं," म्हणाले. "माझ्या नावापुढचं ते लाल कसं पुसायचं, तेवढं सांग."

खातं बंद होतं. तिथं उत्तरसुद्धा लिहिता येत नव्हतं. पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न होतं. मी एकटीच गेले.