रणगाड्यातला ड्रायव्हर

चाळीस वर्षं गॅरेजमध्ये गाड्यांचे ओरखडे बुजवणारे पेंटरकाका निवृत्त झाले आणि खेळातल्या बोटभर लांबीच्या रणगाड्यांवर ओरखडे रंगवत बसले. स्पंजच्या तुकड्याने गंज चढवायचा, जुन्या टूथब्रशने चिखल उडवायचा. "जन्मभर लोकांच्या गाड्या चकाचक केल्या, आता नव्याकोऱ्या मळवताय," काकू म्हणायच्या.

हे रणगाडे लुटुपुटूच्या लढाया खेळणाऱ्यांच्या क्लबात टेबलावर लढाईला उतरायचे. तिथले वकीलसाहेब दर रविवारी भिंग लावून खोट काढायचे. हिरवा फारच गडद, चिखल भलत्याच जागी! शेवटी काकांचं डोकं फिरलं. नव्या रणगाड्याच्या झाकणातून डोकावणाऱ्या ड्रायव्हरचं डोकं तांदळाच्या दाण्याएवढं. त्याला त्यांनी वकीलसाहेबांचा चेहरा दिला. जाड चष्मा, झुपकेदार मिशी, वर चढलेली भुवई, सगळं हुबेहूब. बाकीच्या मंडळींना आधीच सांगून ठेवलं.

रविवारी भिंग लागलं. मंडळी हसू दाबून उभी.

"रंग बरोबर, चिखल बरोबर," वकीलसाहेब म्हणाले, "पण हा ड्रायव्हर अगदीच बावळट दिसतो हो. असल्या माणसाला रणगाड्यात कोण बसवेल?"

"काय करणार साहेब," काका गरीब चेहरा करून म्हणाले, "क्लबात बसवून घेतोच की आम्ही."