चारशे सतरा नंबरचं गाजर

परळच्या मनमोहन परबांनी एका बियाणे बँकेत चौतीस वर्षं काढली. पाकिटांवर नंबर टाकायचे, ती थंड खोलीत रचायची आणि कोणी उगाच हात लावला की खेकसायचं. जपण्यात त्यांचा हात धरणारा माणूस नव्हता. रिटायर झाल्यावर पाचव्या महिन्यात बँकेतल्या सुचित्रा मॅडमचा फोन आला.

"परब, चारशे सतरा मरायला टेकलंय. शंभरात दहा बिया जेमतेम उगवतायत. आमच्याकडे जमीन नाही, माणूस नाही. पावसाळ्याच्या आत ताजं बी द्या, नाहीतर नंबर रद्द."

चारशे सतरा म्हणजे काळं देशी गाजर. आता कुणी पेरत नाही. झालं! परबांनी बिल्डिंगच्या गच्चीवर ड्रम मांडले आणि बँकेतलं बी पेरलं.

गाजराचं बी धरायचं तर गाजर खायचं नसतं. उपटायचं, थंडीत ठेवायचं, परत लावायचं, मग त्याला फुलं येतात. परळात थंडी कुठली? बत्तीस गाजरं दीड महिना फ्रिजमध्ये जाऊन बसली.

"फ्रिज माझा की बँकेचा?" त्यांच्या बायकोनं, नलूताईंनी विचारलं. भाजी बाहेर, गाजरं आत!

फुलं आली आणि खरा तमाशा सुरू झाला. नियम सांगतो, फुलांवर जाळी हवी, दुसऱ्या गाजराचा पराग लागला की जात बाटते. परबांनी घरातली मच्छरदाणी बांधली. आता आत मधमाशी शिरणार कशी? त्यावरही नियम होताच: जाळीत साध्या माश्या सोडा. परब बरणी घेऊन मासळीबाजारात माश्या पकडायला गेले. अख्खं परळ मच्छरदाणी लावतं ते डास-माश्या बाहेर राहाव्यात म्हणून, आणि हे महाशय माश्या विकत मिळाल्या असत्या तर पिशवी भरून आणते! एप्रिलच्या उन्हात माश्या दुपारपर्यंत मरायच्या. तीन दिवस हेच. फुलं सुकायला लागली, तसं परबांचं जेवण तुटलं.

चौथ्या दिवशी नलूताई गच्चीवर आल्या.

"अहो, परळात दुसरं गाजर फुललंय कुठं, तुमचं बाटवायला?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. नलूताईंनी पदर खोचला आणि मच्छरदाणी ओढून काढली. शेजारच्या हॉस्पिटलमागच्या झाडावरच्या मधमाश्या संध्याकाळपर्यंत हजर.

मे संपता संपता ओंजळभर बी झालं. नंबर वाचला! मॅडमनी फॉर्म पाठवला. रंग, लांबी, पानं, परबांनी सगळं झरझर भरलं. शेवटचा रकाना होता चवीचा. तिथे पेन अडलं. चौतीस वर्षं जपलेल्या गाजराची चव त्यांना ठाऊक नव्हती. बँकेतही कुणी कधी लिहिली नव्हती.

"कडसर," स्वयंपाकघरातून आवाज आला. "जरा कडसर, पण मागून छान गोड."

"तुला गं काय माहीत?"

नलूताई दारात आल्या. "एक कोशिंबिरीत घातलं होतं. तुम्ही माश्यांना गेला होतात तेव्हा. ड्रममधून उपटलं, फुलासकट. रागवा आता."

परब रागावतील असंच कुणालाही वाटलं असतं. पण त्यांचे डोळे भरून आले.

"एक फोड तरी ठेवायचीस ना गं माझ्यासाठी," ते म्हणाले, आणि मान खाली घालून त्यांनी रकाना भरला.